खोळीतला बोटभर खिसा

बाई, तुम्ही शिवून दिलेली स्वरमंडळाची खोळ घेऊन आज पंडरीच्या कापडबाजारात गेले होते. कोपरे पार विरलेत, आता ठिगळही धरत नाही, म्हणून तशीच नवी शिवून घ्यावी म्हटलं. शिंप्याने ती उलटीपालटी केली, आतल्या बाजूचा तो बोटभर खिसा चाचपला आणि विचारलं, "दीदी, ये जेब किसलिए है? नई में भी लगानी है क्या?" साधा प्रश्न. उद्या सांगते म्हणून खोळ त्याच्याकडेच ठेवली आणि रिक्षात बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझेही केस आता तुमच्यासारखे पांढरे झालेत. तुमच्यावरचा राग मात्र काही केल्या पिकत नाही.

मी तुमच्याकडे गाणं शिकायला आले होते. बाबा रेल्वेत, त्यांना एवढंच माहीत की रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात एक मराठी गाणाऱ्या बाई राहतात. तुम्ही माझ्याकडून सरगम म्हणवून घेतली आणि बाबांना तोंडावर सांगितलंत, "आवाज बारीक हाय पोट्टीचा. पण बोटं चांगली हायेत." मग तुमचं स्वरमंडळ माझ्या मांडीवर ठेवलंत. गाणारे गाताना मांडीवर घेऊन छेडतात ते, आडव्या पेटीवर तारांची रांग असलेलं. त्यावर नुसती झणकार न करता आलाप, जोड, गत वाजवायचं वेड तुमचंच. रायपूरच काय, मोठमोठ्या शहरांतही कुणी ते एकटं वाजवत नव्हतं. लोक मला विचारायचे, "इसमें गाना भी निकलता है?" मी तुमच्याकडे बघायची आणि तुम्ही म्हणायच्या, "हव, निकलता है. बैठो, सुनो." त्या दिवसांत तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मी वाजवत असते, तुम्ही आत फोडणी देता देता ओरडता, "निषाद घाईत गेला!" आणि मला वाटतं, जगात एवढं एकच घर आहे.

ज्याला हे वाद्य ठाऊक नाही त्याला वाजवणंच अवघड वाटतं. अवघड असतं ते लावणं. प्रत्येक रागासाठी एकेक तार नव्याने सुरात आणायची. तार चुकीची लागली की बोटं कितीही गुणी असोत, सगळं पाण्यात. खुंट्या फिरवायची चावी तुम्ही घरच्या किल्ल्यांबरोबर कमरेला खोचून ठेवायच्या आणि लावताना मला पाणी आणायला नाहीतर भाजी निवडायला पाठवायच्या. एकदा मी बाबांच्या हत्यारांतली पक्कड आणून खुंटी फिरवली आणि तार तुटली. तुम्ही आवाज चढवला नाहीत, ते जास्त लागलं. "तुले कितीदा सांगू? कान कच्चा हाय तुझा अजून. कच्च्या कानानं लावशील तर आहे तेही बिघडून जाईल." मी मान खाली घातली. बाई, मी ते खरं मानलं. शाळा संपली, कॉलेज संपलं, नोकरी नको म्हणून घरी भांडण झालं, स्वरमंडळावर पोट भरायला लागले, तरी मानत राहिले.

कार्यक्रम असला की सकाळी ब्राह्मणपाऱ्यात यायचं, तुम्ही लावून द्यायच्या, मग झोपलेलं लेकरू न्यावं तसं ते सांभाळत सभागृहात न्यायचं. आपल्याकडचा उन्हाळा, वरून स्टेजचे दिवे, तारा उतरायच्याच. मग दोन रागांच्या मध्ये तुम्ही पहिल्या रांगेतून उठायच्या, पदर खोचून स्टेजवर यायच्या, माझ्या मांडीवरचं वाद्य स्वतःकडे ओढून सगळ्यांसमोर लावायच्या. टाळ्या तेव्हा पडायच्या, तुम्हाला. मी हात जोडून बाजूला बसलेली. भोपाळचं बोलावणं आलं, पुण्याचं आलं, आणखीही आली. तुमचे गुडघे दुखायचे, मग मी कशी जाणार? तिथं लावणार कोण? एकेक बोलावणं मी परत केलं आणि दर वेळी आधी तुम्हाला येऊन सांगितलं. बाबांनी एकदा न राहवून विचारलंच, "बाई, पोट्टी एवढं चांगलं वाजवते, मग बाहेर काहून जात नाही?" तुम्ही त्यांना चहा देत म्हणालात, "जाईल ना. कान पिकू द्या." बोलावणी हळूहळू बंद झाली. एकदा नाही म्हणणाऱ्याला लोक दुसऱ्यांदा कशाला विचारतील?

नागपूरला मात्र तुम्ही स्वतःच हो म्हणालात. तुमचं माहेर तिथलं, तुम्ही सोबत येणार होतात. निघायच्या सकाळी मी आले तर तुम्ही खाटेवरच. "पाय उचलून नाही राहिला. तू जा. लावून ठेवलं आहे, खुंटीले हात लावू नको." आणि ही खोळ हातात ठेवलीत. पंडरीचंच जाड कापड, आतून मऊ अस्तर, दोरे तुमच्या हातचे. मला रडू आलं होतं. गाडीत एका माणसाने विचारलं, "कैरम है क्या?" मी हसले, खोळीवरून हात फिरवला आणि तेव्हा तो खिसा हाताला लागला. चावीच्याच मापाचा. बोट घातलं, तर खिसा रिकामा.

नागपुरात कडाक्याची थंडी. सभागृहात पोचेपर्यंत तारा चढून बसलेल्या, एक दुसरीला ओळखत नव्हती. साथीला नागपूरचेच एक वयस्क तबलजी होते. त्यांना म्हटलं, मला लावता येत नाही. त्यांना वाटलं थट्टा करते आहे. गावातल्या संगीत वर्गातून कुणीतरी चावी आणून दिली. मी षड्ज धरला, पंचम धरला, आणि मग एकेक तार डब्याला आपलं झाकण बसावं तशी बसत गेली. कुठे अडलं नाही. मी मुद्दाम दोन तारा उतरवून पुन्हा लावल्या, कारण माझा विश्वासच बसेना. तबलजींनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "काहून बाई, येत नाही म्हनत होत्या ना? कान तं मस्त पक्का हाय तुमचा." त्या संध्याकाळी मी कसं वाजवलं ते मला आठवत नाही. ते वाक्य तेवढं आठवतं.

परत आल्यावर स्टेशनवरून थेट तुमच्याकडे आले. तुम्ही तांदूळ निवडत होतात.

"कोणी लावलं?" तुम्ही विचारलंत.

"मी."

"हव." सुपातून खडा काढून तुम्ही बाजूला टाकलात. "मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"तुझा कान पक्का हाय ते. पयल्या वर्षापासून."

"मग काहून, बाई?"

तुम्ही वर पाहिलं नाहीत. "लावता आलं असतं तर तू कायले आली असती माझ्याकडे?"

मी आले असते, बाई. रोज आले असते. हे मी तेव्हा बोलले नाही. वाद्य उचललं आणि जिना उतरले, तो कायमचा. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेल्याचं बाबांनी सांगितलं. त्यानंतर मी सगळीकडे वाजवलं, भोपाळला, पुण्यालाही, पण उमेदीची वर्षं संपल्यावर. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते परक्याने केलं असतं तर विसरले असते. तुम्ही तर माझ्या ताटात तूप वाढता वाढता केलंत.

आता माझ्याकडे मुली शिकायला येतात. मी मराठीत बोलते, त्या हिंदीत उत्तर देतात. पहिल्याच दिवशी चावी त्यांच्या हातात देते. तारा तोडतात, तोडू देते. लावायला शिकल्या की काही जणी खरंच परत येत नाहीत. तेव्हा तुमच्यावरचा राग कमी व्हायला हवा होता, तो दुप्पट होतो. कारण उरतात त्या आपल्या मनाने येतात, आणि मला तसं यायची संधी तुम्ही दिलीच नाहीत.

पण मग तो खिसा कशाला शिवलात? चावी द्यायची होती आणि ऐन वेळी हात मागे घेतलात? की मनात काही नसताना सहजच शिवला गेला? हे विचारायला माणूस नाही, आणि हा कागद पाठवायला पत्ताही नाही. उद्या शिंप्याला सांगेन, खिसा लाव. माझी चावी मी त्यात कधीच ठेवत नाही, पर्समध्ये ठेवते. एवढं मात्र कबूल करते, बाई. कार्यक्रमाआधी सगळ्या तारा माझ्या मी लावते, आणि मग कुणी बघत नाही ना याची खात्री करून त्या खिशात एकदा बोट घालून बघते.