वाचनालय कोणी बांधलं

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. लेकीकडे करमतंय ना? गुडघा कसा आहे? इकडे आई बरी आहे. ऐकू कमी येतं, पण तिच्याविषयी बोललेलं बरोबर ऐकू येतं.

आमच्या इतिहास मंडळाची बैठक झाली. भावजी अध्यक्ष, तेव्हा त्यांनी तुला सांगितलं असेलच. काय सांगितलं, कोण जाणे.

गिरणीच्या कामगारांनी सुट्टीच्या दिवशी विटा वाहून वाचनालय बांधलं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता नगरसेवक म्हणतात, ते त्यांच्या आजोबांनी, म्हणजे गिरणीच्या मालकांनी, स्वतःच्या जागेवर बांधलं. मंडळानं तसा दाखला दिला की जागा त्यांच्या घशात, आणि तिथे दुकानं.

तेव्हा विटा वाहिलेल्या एक आजी अजून आहेत, एका गवंड्याची बायको. त्यांच्या खोलीत बसून मी सगळं ऐकलं. "पायाच्या खड्ड्यातलं पाणी मी उपसलंय," म्हणाल्या. "मालक आला तो उद्घाटनाला, पांढरे बूट घालून." बैठकीत येऊन सांगायला तयार झाल्या.

आल्या त्या नगरसेवकांच्या गाडीतून. "मला काही आठवत नाही," एवढंच बोलल्या. जिन्यात माझा हात धरून म्हणाल्या, "नातवाला नोकरी लावलीय त्यांनी. रागावू नकोस, बाई."

मग परत आत येऊन आजींनी मला सांगितलेलं मीच उभी राहून सांगितलं. भावजी हसले. "ऐकीव गोष्टीला इतिहास म्हणत नाहीत." इतकी वर्षं मंडळानं दुसरं काय गोळा केलं, ते मी विचारलं. त्यांनी सरळ दाखल्यावर मत घेतलं, हात वर आले. माझा आणि ग्रंथपालांचा सोडून सगळ्यांचे. त्याच आठवड्यात भावजींना निवडणुकीचं तिकीट मिळालं. तुझं अभिनंदन करायचं राहिलं, ते राहू दे.

मी मंडळ सोडलं. ग्रंथपाल आणि मी आता जुन्या कामगारांना घरी जाऊन भेटतोय. नगरपालिकेत हरकत घेणार आहोत.

इतकं लिहिलं, तरी मूळ गोष्ट राहिलीच. आजी बोलणार आहेत, हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. ग्रंथपालांनाही नाही. फक्त तुला, फोनवर.

सहज बोलून गेली असशील. नवराच आहे तुझा. पण सहज बोललीस, की त्यांनी विचारलं म्हणून सांगितलंस, तेवढं कळव. फोन नको. फोनवर तू समजूत छान घालतेस आणि मी ऐकून घेते.

या वेळी आम्ही कोणाकोणाला भेटतोय, ते मात्र तुला लिहीत नाही.

तुझी,
धाकटी