चाकाच्या घरातले किडे

१० फेब्रुवारी
पोचलो बुवा एकदाचा. कोरेगावातनं सकाळच्या एस.टी.नं निघालो, दोनदा गाडी बदलली आणि दुपारी कवठे महांकाळला उतरलो. धन्यकुमार स्वतः मोटारसायकल घेऊन स्टँडवर हजर होता. हा द्राक्षबागायतदार, जैन, बोलायला गोड. पुण्याहून त्यानं एक जुनी कॅरॅव्हॅन आणून बागेच्या कडेला माळावर उभी केलीय, ट्रॅक्टरला जोडून ओढायची. आत पलंग, शेगडी, बेसिन, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. सुट्टीत शहरातली माणसं राहायला येतील, द्राक्षं तोडतील, फोटो काढतील, असा त्याचा बेत आहे. इथले लोक तिला चाकाचं घर म्हणतात. तोवर राखण माझी. बंकरमध्ये हिवाळे काढलेल्या सुभेदाराला हा राजवाडाच की!

डायरी लिहायला लेकीनं लावलंय, स्वप्नालीनं. आई गेल्यापासून तुम्ही बोलतच नाही, निदान लिहा तरी, म्हणाली. हरणा जाऊन सहा महिने होत आले. घरात तिच्या ओट्याकडं बघवत नाही, म्हणून तर ही नोकरी धरली. स्वप्नाली सांगलीला असते, माझ्याकडं राहा म्हणत होती. पण तिचा ऋषिराज अजून रांगतोय. त्याच्यापुढं रडका आजा कशाला नेऊन बसवायचा?

११ फेब्रुवारी
राजवाड्यात आधीच फौज मुक्कामाला आहे. किडे. नखाएवढे, चपटे, हिरवट-तपकिरी, पाठ ढालीसारखी. पडद्याच्या चुण्यांत, गादीच्या शिवणीत, छताच्या फटीत, जिथं बघावं तिथं. एक चुकून दाबला गेला आणि असा वास सुटला, जणू सडकी कोथिंबीर रॉकेलात बुडवलीय. डोक्यात कळ गेली.

धन्यकुमारला म्हणालो, फवारा आणा, एका दिवसात पलटण साफ करतो. त्यानं कानावर हात ठेवले. त्याच्या जागेत जीव मारायचा नाही. ब्रशनं हलकेच बरणीत घ्यायचे आणि बांधावर नेऊन सोडायचे. नोकरीची अटच ती. आयुष्यभर मारायचे हुकूम ऐकले, आता वाचवायचा ऐकतो. हुकूम तो हुकूम.

जेवण त्याच्या घरून येतं, दिवस मावळायच्या आत. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. हरणा असती तर म्हणाली असती, घरी नाकं मुरडत होता, आता कसं गपगुमान खाताय! ते आठवलं आणि घास गिळेना. आमटीत आसवं पडली, खोटं कशाला लिहू?

१४ फेब्रुवारी
बरण्यांवर बरण्या बांधावर रिकाम्या करतोय. लय चिवट जात. एकाच्या पाठीवर चुन्याचा ठिपका लावून सोडला. बांधावरनं परत येतोय तर गडी माझ्याआधी पडद्यावर हजर! शाब्बास म्हटलं.

एक मात्र आहे. काल पडलो तो थेट उन्हं अंगावर आल्यावर उठलो. हरणा गेल्यापासून अशी झोप लागली नव्हती. दंडावर किडे चालत होते, पण किळस आली नाही. हवा चांगली आहे माळाची.

१९ फेब्रुवारी
वास येईनासा झालाय. वाटलं, किडे हटले. छे, आहेत तेवढेच आहेत. धन्यकुमार आला तो दारातच नाकाला टॉवेल लावून मागं सरला. कालच्या आमटीत मीठच घालायचं राहिलं, माफ करा म्हणाला. मला कळलंच नव्हतं. वाटी चाटूनपुसून खाल्ली होती.

दिवसभरात हरणा एकदाही आठवली नाही. संध्याकाळी हे ध्यानात आलं. थोडं वाईट वाटलं. थोडंच.

२४ फेब्रुवारी
शेजारच्या रानात जतचा बिराप्पा मेंढ्या घेऊन उतरलाय. परवा त्याची एक मेंढी दुपारभर कॅरॅव्हॅनखाली सावलीला बसली होती. तेव्हापासून ती पिल्लाला जवळ घेईना. ओरडून ओरडून पिल्लाचा घसा बसलाय, ती खाली मान घालून चरतेय. बिराप्पा दारापर्यंत आला, आत काही आला नाही.

"सुभेदार, हितनं निघा," म्हणाला. "मेंढीनं सोताच्या पिल्लाला वळखलं न्हाई. दूध हाय, पान्हा न्हाई."

आजच कळप हलवतोय म्हणाला. जाता जाता त्यानंच माझा हात दाखवला. तळवा शेगडीवर भाजला होता, कातडी सुटली होती. कधी भाजला कुणास ठाऊक. पिल्लाची दया यायला हवी होती. आली नाही.

२७ फेब्रुवारी
पलंगावर टेकताना भाजल्या हाताखाली एक चिरडला. आणि वास आला. इतक्या दिवसांनी. त्या वासामागनं सगळंच आलं. तळव्याची आग. दवाखान्यातली हरणा, तिचा हात माझ्या हातात गार होत गेलेला, मनगटावर ढिल्या झालेल्या बांगड्या. मोठ्यानं रडलो. माळावर कुणी नव्हतं, मन भरेस्तोवर रडलो.

मग एकेक करून ते आले. मानेवर, छातीवर, भाजलेल्या हातावर बसले. हळूहळू सगळं शांत झालं.

कळलं मला. जिवंत असले की माणसाचं सगळं ओढून घेतात. चिरडले की परत देतात. आणि आपण इतके दिवस त्यांना जपून, ब्रशनं उचलतोय. ऋषिराजचं तोंड आठवायला घेतलं. आलं नाही. पोरगा कुठलाही असावा तसा असेल. हे काही खरं नाही. इथनं निघायला पाहिजे, नाहीतर हे संपवायला पाहिजे.

१ मार्च
बेदाण्याच्या शेडवरनं गंधक आणला. इथं बेदाण्याला त्याचीच धुरी देतात. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, आत घमेल्यात गंधक ठेवला, काडेपेटी घेऊन दारात उभा राहिलो. धन्यकुमारची अट मोडायची तयारी होती.

काडी ओढली नाही. मनाशी म्हटलं, शब्द दिलाय, जीव मारायचा नाही. खरं ते नव्हतं. हे मेले की हरणा पुन्हा मरणार, रोज मरणार. भ्यालो. भ्यालो म्हणजे, भ्यायला हवं होतं असं वाटलं.

चिकटपट्ट्या काढल्या. आत जाऊन पडलो.

५ मार्च
स्वप्नालीचा फोन. इतके दिवस फोन का नाही केला म्हणून रडत होती. ऋषिराज उभा राहायला लागलाय, बघायला या म्हणाली. मी बरं म्हणालो. तुमचा आवाज असा का येतोय, विचारलं तिनं. बरं म्हणालो. मी न्यायला येते म्हणाली. नको येऊ म्हणायचं होतं — राहिलं.

बायकोचं नाव आठवायला वेळ लागला. आठवलं. काही नाही.

७ मार्च
बरणी बंद केली. कशाला सोडायचे. चेहऱ्यावर बसतात. बसू देत.
धन्यकुमार जेवणाचा डबा लांब दगडावर ठेवतो. दोन दिवस सांगलीला मालाच्या कामाला जातोय म्हणाला. बागेत कुणी नाही.

८ मार्च
दुपार. गाडीचा आवाज. स्वप्नाली.

दारातच हुंदका फुटला तिला. "अण्णा, उठा. चला माझ्याबरोबर. बाळ गाडीत झोपलंय, दोन मिनिटांत निघायचं." माझी पिशवी भरायला आत आली. आत येऊ नको म्हणायला हवं होतं. लिहीत बसलो.

पलंगावर टेकली. खांद्यावर एक बसला. मग केसांत. मग गालावर. रडणं थांबलं तिचं. पिशवी तशीच, अर्धी. इथं किती बरं वाटतं म्हणाली.

बाहेर रडतंय. गाडीत. काचा बंद. ऊन लय —
तिला म्हणालो, बाळ.
म्हणाली, "कुणाचं?"

एक चिमटीत धरलाय. तिच्या नाकाशी. दाबला की सगळं परत येईल तिला. मलाही. हरणाही येईल. येऊ दे. दाबतो.

दाबला का नाही, बोटांना कळत नाही. वास आला का विचारलं. नाही म्हणाली. दुसरा धरला. तिसरा. आला का? ती बघते नुसती.

गाडीची चावी — कुठं ठेवलीस — स्वप्ना —
उठतोय. पाय —
रडणं आता बारीक —