घर पाहून आल्यावर

आई, तुझ्या नातीसाठी आलेलं स्थळ मी परवा नाकारलं. तू तिला पाहिलंच नाहीस, ती माझ्या पोटात होती तेव्हा तू गेलीस. मुलगा नोकरीला, आपल्या इकडच्या गोरेगावजवळ ओलिताची जमीन, माणसं बोलायला गोड. पोरीनं सगळं माझ्यावर सोडलेलं. नाही म्हणायला कारणच नव्हतं, असं घरचे म्हणतात. तू असतीस तर तूही तेच म्हणाली असतीस, म्हणून तुलाच सांगते.

माझं लग्न ठरलं तेव्हा तू भाकरी थापत होतीस. माणूस कसा आहे, एवढंच मी विचारलं होतं. तू वर न पाहता म्हणालीस, "दारू पेत न्हाई, हात उचलत न्हाई. आणखी काय पायजे तुला?" तुझा माझ्यावर जीव होता, पण त्या उत्तराचा मला अजून राग येतो. चांगला नवरा काय काय करत नाही, एवढंच तू शिकवलंस. तो काय करतो, हे मला लोकांच्या घरात डोकावून शिकावं लागलं.

लग्नानंतर आखाडा बाळापूरला ज्या दुकानात मी शिवण शिकले, ते एका नवरा-बायकोचं होतं. तो कापड कापायचा, ती मशीनवर बसायची. ऐन लग्नसराईत एकदा त्यानं नवरीच्या ब्लाउजची बाही आखूड कापली. गिऱ्हाइकासमोरच ती म्हणाली, "तुमीच चुकलात. मी सांगून राहिले होते." आता काय होतंय, म्हणून मी मान खाली घालून बसले. तो म्हणाला, "व्हय, बराबर हाय तुझं," आणि जोड द्यायला तुकडा शोधू लागला. ती पुढं बडबडतच राहिली. तिच्या आवाजात भीती नव्हती, हे मला जीपनं घरी येताना उमगलं. तेव्हापासून खोडच लागली. कुठलंही जोडपं दिसलं की मी आधी बाईचा आवाज ऐकते.

तर परवा त्या मुलाचं घर पाहायला गेलो. पुरुष ओसरीवर, आम्ही बायका आत. मुलाची आई चहा द्यायला उठताना कण्हली. "कोणता गुडघा दुखते?" मी सहज विचारलं. तिनं आधी दारातून नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "न्हाई, काही न्हाई." मी चहा पिऊन कप खाली ठेवला, तेव्हाच माझं ठरलं होतं.

घरी आल्यावर मी नको म्हणाले आणि थोरले दीर तापले. एवढं चांगलं स्थळ हातचं घालवलं, हिला कोणी विचारलं होतं, असं बरंच बोलले. गुडघ्याचं कारण मी कोणत्या तोंडानं सांगणार? तेवढ्यात हे म्हणाले, "दादा, तिला काहून बोलता? मीच न्हाई म्हणलो." खरं तर यांना कारणही ठाऊक नव्हतं.

दीर गेल्यावर यांनी मला कारण विचारलं. मी गुडघ्याचं सांगितलं. यांनी उठून दार लोटलं. मग म्हणाले, "तुझा कोणता दुखते?"

डावा, मी म्हणाले.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून लिहिते. गुडघा किती वर्षं दुखतोय आणि यांना साधं माहीत नाही, म्हणून मी मनात अढी धरून होते. पण आई, मीही त्यांना कधी सांगितलं नव्हतं.