टिपाडाजवळ फिरकायचं नाही

आई, सुई बघून पळणारी तुझी लेक आता दुसऱ्यांना सुया टोचत हिंडते. शेतातल्या फवाऱ्याचं माणसांच्या अंगात काय उरतं, ते तपासायला मी गावोगाव रक्त गोळा करते. काल नेवाशाकडच्या एका वस्तीवर एक बाळंतीण म्हणाली, “आमचं कशापायी घेता ताई? आमी कुठं फवारतो? मालक फवारत्यात. आमी निस्तं औषध कालवून देतो.” तिच्या कोपरापर्यंत पांढरे डाग वाळले होते.

माझ्या लहानपणी कपाशीच्या दिवसांत तूही बांधावर अशीच उभी असायचीस. वडील पाठीवर पंप घेऊन सरीतून चालायचे, तू पाण्याच्या टिपाडात औषध ओतायचीस आणि काठी सापडली नाही की सरळ हात घालून ढवळायचीस. एकदा मी नुसतं बोट बुडवलं, तर पाठीत असा धपाटा घातलास! “लांब हो! इख हाय ते. टिपाडाजवळ फिरकायचं न्हाई!” माझं बोट राखेनं घासून धुतलंस, स्वतःचे हात मात्र पदराला पुसलेस. “तीन वर्सं अंगावर पाजलीय हिला, म्हनून काटक हाय,” असं भावकीत सांगत सुटायचीस. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कामाला लागताना आमचंही रक्त घेतलं. माझ्यात फवाऱ्याचं एक जुनं औषध निघालं, कधीच बंद झालेलं. मी तर जन्मात पंप उचलला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, “अन्नातून आलं असेल, आईच्या दुधातूनही असेल, नक्की सांगता येत नाही. थोडंच आहे, घाबरू नका.” मी रडले ते तुझ्यासाठी. किती जपलं होतंस गं मला! हे कळायला तू नाहीस ते बरंच झालं असं वाटतं, आणि लगेच तू हवीशी वाटतेस.

कालच्या बाईनं शेवटी हात पुढे केला. पदराआड पोरगी पीत होती. मी निघताना तिनं हळूच विचारलं, “लेकराला पाजू ना मी?” म्हटलं, पाजा, बिनघोर पाजा, त्यासारखं दुसरं काही नाही. ते खरंही आहे. मीही माझ्या लेकीला पोटभर पाजलं.

तुला लिहिलेला हा कागद घरात कुणाच्या हाती लागू देणार नाही. दारोदार लोकांना सांगते, तपासून घ्या, कळलेलं बरं असतं. माझ्या लेकीचं रक्त मात्र मी अजून कुणाला घेऊ दिलेलं नाही.