आईच्या धानाची पानं

हैदराबाद

प्रिय रत्नमालाताई,
सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. दिवसभर पडद्याकडे बघून डोळे तेवढे चुरचुरतात. भात मिळतो, पण मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात असताना तू डब्यातून आणायचीस, तसा नाही. तुझा गुडघा कसा आहे?

तू आपल्या करडी गावाहून पाठवलेल्या आईच्या धानाच्या पानांचं वाचन झालं. यंत्र जनुकांचा मजकूर बारीक तुकड्यांत वाचतं. त्यांची अस्पष्ट टोकं कापून बाकीचे तुकडे आम्ही संगणकावर जोडतो. आठवडाभर जोडले, तरी मजकुरात एकाच जागी दोन वेगळी अक्षरं येत राहिली; धानाच्या एका शुद्ध रोपात तिथे एकच यायला हवं.

काल आमच्या प्रयोगशाळेतले अनुप सर म्हणाले, "मॅडम, वाचन स्वच्छ आहे. पानं नक्की एकाच रोपाची आहेत?"

मला तुझा फोन आठवला: "एकाच जागची तोडली वो बाई, दुसऱ्याले हातबी नाही लावला." खरं आहे तुझं. पण रोवणीत आपण एका जागी पऱ्ह्याची दोन-तीन रोपं खोचतो ना! त्यातलं एखादं दुसऱ्या वाणाचं निघालं असणार. हे सांगितल्यावर सर हसले, मी मात्र धास्तावले. आई गेल्यावर तिचं बियाणं सरमिसळ तर झालं नाही?

तिने स्वतः मडक्यात भरलेलं थोडं उरलं असेल, तर त्यातला एकच दाणा कुंडीत पेर. शेजारी दुसरं काही लावू नकोस. एकटं रोप बघून तुला करमणार नाही. मलाही इथे करमत नाही. पण त्याला पानं फुटेपर्यंत दोघी कळ काढू.

थकलेली, तुझीच
हर्षा