छावणी माळावर नको

४ मार्च, कडा
गायरानाच्या माळावर यंत्रं बसली. वरून उपग्रह जातो त्या वेळी खाली मातीचा ओलावा मोजायचा, त्याचे आकडे खरे की खोटे ते पाहायचं. इतका सपाट, कोरडा, कुणी न नांगरलेला माळ आमच्या प्रकल्पाच्या सरांना दुसरीकडे मिळाला नव्हता. दुष्काळ आमच्या पथ्यावर पडला. लिहून गेले खरं...

९ मार्च
गावच्या दूधसंस्थेच्या चेअरमन सुशीलाबाई तहसीलला आल्या होत्या. जनावरांची छावणी माळावर हवी, तिथवर टँकर जातो. मी तहसीलदार साहेबांना म्हटलं, एवढ्यात नको. शेणमूत, सांडलेलं पाणी, सगळी मापं बिघडतील. माझं लगेच ऐकलं. सु.बाई बाहेर बाकावर. सांगितलं तर नुसतं "बरं" म्हणाल्या.

१७ मार्च
छावणी ओढ्यापलीकडे पडली. टँकर वाळूत रुततो, बाया घागरींनी पाणी वाहतात. मापं मात्र सुरेख. सरांचा फोन, शाब्बास म्हणाले. जेवण गेलं नाही.

२१ मार्च
टँकर परवापासून अडकलेला. सु.बाईंची गाय गेली. गाभण होती. भेटायला गेले. मला वाटलं नव्हतं असं होईल, वगैरे काहीतरी बोलले.
"तुमी म्हणलात म्हणून आमी थांबलो, ताई. गाय न्हाई थांबली."
आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.
बीडला आईशी फोनवर बोलले. हे सोडून सगळं सांगितलं.

२२ मार्च
सरांना म्हटलं, माळ सोडू या. म्हणाले, मोसमाचं काम मातीत जाईल. आणि याच मापांवरून पुढं दुष्काळ आधी ओळखता येईल. खरं आहे ते. म्हणूनच जास्त लागतंय.

२४ मार्च
सरांना न विचारता तहसीलला जाऊन शब्द मागे घेतला. दुपारपर्यंत जनावरं माळावर. यंत्रं मीच उपटली. सरांना कळवलंय, उत्तर नाही.
सु.बाई टँकरपाशी पाणी भरत होत्या. नोकरी जाईल का तुमची, विचारलं. माहीत नाही म्हटलं.
"मंग आधीच का न्हाई..."
त्यांच्या हातची बादली घ्यायला पुढे झाले. दिली नाही.