बदामाची नखं

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
११ ऑक्टोबर २०२५

ती. सुलेखाआक्कास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझे कान गेल्यापासून फोनवर आपण दोघी नुसत्या ओरडतो. शेजाऱ्यांना सगळं कळतं आणि तुलाच कळत नाही. तेव्हा हे पत्रांचंच बरं चाललंय. कडुबा भावजींचा गुडघा कसा आहे? तेल लावून शेकायला सांग. त्यांना सांगून उपयोग नाही हे माहीत आहे, तरी सांग.

इकडची बातमी ऐकून तुला ओकारी आली तर मला बोल लावू नकोस. एकतीस तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी, तुझी लाडकी भाची विशाखा वर्गातल्या चार मैत्रिणींना घरी बोलावून भुताचा सिनेमा बघणार आहे. त्या दिवशी परदेशात पोरं भुताखेतांचे वेष करून हिंडतात म्हणे, त्याला हॅलोवीन म्हणतात. सिनेमाचं मी समजू शकते. पण सोबतचं खाणं म्हणजे कहर आहे. सगळं घरीच करायचं आणि सगळं बघून शी म्हणावं असंच करायचं.

काल सराव झाला. करंजीच्या पिठाची बोटं वळली, प्रत्येकाच्या टोकाला बदामाची अर्धी डाळ नख म्हणून खोचली आणि तळून झाल्यावर मुळाशी टोमॅटोचा सॉस लावला. आक्का, ती बोटं तेलात फुगून वाकडी होतात ना, तेव्हा बुडालेल्या माणसाची वाटतात. रसगुल्ल्यांना मनुकेची बुबुळं बसवली आणि टूथपिकनं बिटाच्या रसाच्या लाल शिरा काढल्या. त्यांच्यातून पाक गळतो. हिरव्या चटणीत भिजलेला साबुदाणा घातला, ती बेडकाची अंडी. खजुराला शेवेचे पाय लावून झुरळं केली. ती ओट्यावर ठेवली होती तर राजेंद्र ऑफिसातून आला आणि त्यानं चप्पल काढून एक झुरळ ठेचलं. नंतर काय आहे ते कळलं तरी चहा प्यायला नाही. मी रात्री तीनदा साबणानं हात धुतले. अजून बोटांना बोटांचाच वास येतोय असं वाटतं.

तरी मी करतेय, त्याचं कारण तुलाच सांगते. तनुजा येणार आहे. विशाखाची जिवाभावाची मैत्रीण. ऑगस्टमध्ये विशाखाच्या वाढदिवसाला आली होती, पण पुरी-भाजीला हात लावला नाही, केकलाही नाही. पोट बरं नाही म्हणाली आणि स्वतः आणलेलं वेफर्सचं पाकीट फोडून खाल्लं. वेफर्स चालणारं पोट! मला काय कळायचं ते कळलं. विशाखाच्या लक्षात आलं नाही, आणि येऊ नये एवढंच मला वाटतं. ती तनुजावर जीव टाकते. एकदा तनुजा आपल्या घरचा घास खाऊ दे, म्हणजे माझ्या जिवाला लागलेलं कुसळ निघेल. त्यासाठी बोटं तर बोटं.

कळावे. माया आहे तशी राहू दे, आणि हे वाचून झाल्यावर पोटभर जेव.
तुझी,
करुणा

—

पिशोर
१५ ऑक्टोबर २०२५

चि. करुणास,
जय भीम आणि आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र जेवताना वाचायला घेतलं ही माझीच चूक. साबुदाण्यापाशी आले आणि ताट बाजूला सारलं. तुझ्या भावजींना वाचून दाखवलं तर ते म्हणतात, एक बोट इकडं पाठवून द्या, बघू तरी. त्यांचं काय, त्यांना गुडघा सोडून कशाचंच दुःख नाय. तेल लावायला सांगितलं. लावलं नाय.

आता माझं ऐक. राग आला तरी ऐक. ती बोटं, ते डोळे, सगळं बंद कर. मी अंगणवाडीत लागले त्या साली मदतनीस बाई रजेवर गेली म्हणून एक दिवस खिचडी मी शिजवली. गावातल्या बाया डबे घेऊन आल्या. पातेल्याचं झाकण काढून बघितलं, वास घेतला, आणि रिकामे डबे घेऊन परत गेल्या. एकीनं तर दारात थुंकलं. खिचडीला काय झालं नव्हतं गं. पिवळीधमक, मोकळी, लसणाची फोडणी. झालं होतं ते माझ्या जातीला.

लोकांना आपल्या हातचं खायची आधीच किळस, आणि तू मुद्दाम किळस येईल असं करून पोरींच्या पुढं ठेवणार? उद्या त्या तनुजानं तोंड वाकडं केलं तर ते बोटाला केलं का तुला केलं, तुला कसं कळणार? तिला तू आयतं कारण हातात देतीयस. त्यापेक्षा गुळाच्या पुरणपोळ्या कर. वर तूप सोड. दिसायला देखणं, वासाला देखणं. मग खात नसंल तर पोट बिट काय सांगायला जागा राहणार नाय. एकदा काय ते कळू दे. विशाखाला पण कळू दे. चौदा वर्षांची हाय, लई झाकून ठेवू नको.

बाकी सगळं ठीक. राजेंद्ररावांना जय भीम सांग, आणि चप्पल पुसून घ्या म्हणावं.
रागावलीस तरी पत्र धाडायचं थांबवू नको.
तुझी आक्का,
सुलेखा

—

उस्मानपुरा
१८ ऑक्टोबर २०२५

ती. मावशीस,
जय भीम.

हे पत्र मी शाळेजवळच्या पेटीत टाकतेय, आईला माहीत नाही. तिनं तुझं पत्र डाळीच्या डब्यामागं ठेवलं होतं. दुसऱ्याचं वाचू नये हे मला माहीत आहे, पण पाकिटावर तुझं अक्षर दिसलं आणि मला वाटलं तू मलाही काही लिहिलं असशील.

मावशी, पुरणपोळ्या नकोत. प्लीज आईला तसं कळव. ती तुझंच ऐकते. तुझ्या पत्रानंतर तिनं हरभऱ्याची डाळ आणून ठेवलीय.

आईला वाटतं मला काही कळत नाही. मला सातवीपासून माहीत आहे. तनुजाच्या घरी गेलं की तिची आई सगळ्यांना स्टीलच्या ग्लासात पाणी देते आणि मला कागदाच्या. एकदा मी मुद्दाम मागे लागून स्टीलचा घेतला, तर मी निघताना तो मोरीत वेगळा पडलेला दिसला. हे मी आईला सांगितलं नाही, कारण मग ती मला तिकडं जाऊ देणार नाही. तनुजा तशी नाहीये. पण ती तिच्या आईला घाबरते.

तू लिहिलंस की तोंड वाकडं केलं तर ते कशाला केलं ते कळणार नाही. मावशी, मला तेच तर हवंय! सगळ्याच शी शी करतील, निम्म्या खाणार नाहीत, तनुजापण खाणार नाही, आणि सगळ्यांचं कारण एकच असेल. पुरणपोळी तिनं खाल्ली नाही तर मला ते बघावं लागेल. मग सोमवारी शाळेत तिच्याशेजारी कसं बसायचं ते सांग. मला दुसरी मैत्रीण नाही.

झुरळं फार भारी झालीत. पप्पांनी मारलेल्याचा मी फोटो काढून ठेवलाय. काकांच्या गुडघ्याला माझ्याकडून नमस्कार.
माझ्यावर आहेस तितकीच प्रेमळ राहा, आणि आईला सांगू नकोस.
तुझी,
विशाखा

—

पिशोर
२४ ऑक्टोबर २०२५

चि. करुणास,
जय भीम आणि आशीर्वाद. वि. वि.

मागं पुरणपोळीचं लिहिलं होतं ते सोडून दे. पोरीच्या मनासारखं कर. बोटं कर, डोळे कर, काय करायचे ते कर, आणि चांगली ओकारी येईल अशी कर. माझं मत का बदललं ते विचारू नको. म्हातारपणी माणसाला मत बदलायची मुभा असती.

एक सांगते. त्या दिवशी दाराआडून कुणाच्या तोंडाकडं बघत उभी राहू नको. तुला बघायचा लई सोस. पोरीला तिचं तिचं बघू दे, नायतर नको बघू दे.

माझ्या घशाखाली मात्र अजून साबुदाणा उतरत नाय. तुझे भावजी उपासाला खिचडी मागतात, नाय म्हणून सांगितलं. उपास त्यांचा कुठला, नुसतं खायचं निमित्त.

जीव लावलायस तसाच लावून ठेव.
तुझी आक्का,
सुलेखा

—

उस्मानपुरा
२ नोव्हेंबर २०२५

ती. सुलेखाआक्कास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

झाला एकदाचा तो शुक्रवार. घराला अजून व्हिनेगर आणि तळणाचा वास आहे.

पोरी पाच वाजता आल्या. पडदे ओढून घेतले, सिनेमा लावला. मी ताटं नेऊन ठेवली तेव्हा जी किंकाळी उठली, ती वरच्या मजल्यापर्यंत गेली असणार. बोटं सगळ्यात आधी संपली. एकीनं नख उपटून चघळलं, एकीनं डोळा दाबून पाक मैत्रिणीच्या अंगावर उडवला. मला बघवेना. तू बघू नकोस म्हटलं होतंस, मी बघितलं. तनुजानं काहीच घेतलं नाही. उशी पोटाशी धरून शी शी करत बसली होती, आणि विशाखा तिला अजिबात आग्रह करत नव्हती. उलट खुशीत होती. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

शेवटी मी मेंदू नेला. अख्खा फ्लॉवर बिटाच्या पाण्यात उकडून वर दह्याची पातळ चटणी ओतली होती. विशाखानं त्यात सुरी खुपसली आणि आतून गुलाबी पाणी ओघळलं. तनुजा उठली ती थेट मोरीकडं. आक्का, ते नाटक नव्हतं. मी तिचं कपाळ धरलं होतं, आणि पोटात काही नसताना ती आतड्यापासून ओकत होती. सकाळच्या डब्यानंतर पोरगी उपाशी होती.

तोंड धुऊन ती स्वयंपाकघरात आली, फरशीवर टेकली, आणि खाली बघत म्हणाली, काकू, साधं काही आहे का? त्या डोळ्यांच्या शेजारी बसून आम्हाला जेवण जाणार नाही म्हणून मी दुपारीच ज्वारीच्या भाकरी आणि मेथी करून झाकून ठेवली होती. मी ताट वाढलं. तिनं भाकरी मोडली आणि खायला लागली. शेजारी कुणी हिसकावून घेईल अशी खात होती.

आणि मग तोंडात घास असताना ती म्हणाली, घरी सांगू नका हं काकू.

पंधरा दिवस मी पू आणि रक्त आणि झुरळं करत होते, पण खरी किळस आली ती तेव्हा. त्या पोरीची नाही, खरंच नाही. आपली भाकरी चोरून खायची गोष्ट झाली, त्याची आली. वर बघते तर दारात विशाखा. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता संपलं. तर ती आत आली, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घेऊन तनुजाशेजारी बसली आणि तिच्या ताटात चटणी वाढली. आणखी एक भाकरी दे म्हणाली मला. बाहेर सिनेमात कोणीतरी मरत होतं. ह्या दोघी आत एकाच ताटात.

आठला तनुजाची आई स्कूटीवर न्यायला आली. उतरली नाही. फाटकातूनच लेकीला विचारलं की काही खाल्लंस का, का वेफर्सच्या पाकिटावरच राहिलीस. तनुजानं मान खाली घातली. विशाखा पुढं झाली आणि सरळ आवाजात म्हणाली, काकू, तिनं आमच्या घरची भाकरी खाल्ली. दोन.

त्या बाईचं नाक क्षणभर आकसलं आणि ओठ घट्ट मिटले. मी ते तोंड ओळखते. मेंदूला सुरी लागल्यावर बाकीच्या पोरींनी तेच तोंड केलं होतं, फक्त त्या नंतर हसल्या होत्या. विशाखा त्या तोंडाकडं टक लावून बघत होती. मला तिला मागं ओढून घ्यावंसं वाटलं, पण पोरीला तिचं तिचं बघू दे हे तुझं वाक्य आठवलं आणि पाय जागच्या जागी राहिले.

तनुजा गाडीवर मागं बसली. आईच्या खांद्यावर हात ठेवला. मग मान वर करून म्हणाली, दोन नाही, अडीच.

गाडी गेली. विशाखा फाटकाला धरून बराच वेळ उभी होती. रडत होती का हसत होती ते मी विचारलं नाही.

पुढच्या खेपेला तू ये. लोभ मागत नाही, तो तुझ्याकडं भरपूर आहे, वेळ काढ.
तुझी,
करुणा